यमामाचे धान्य आणि इराकवरील निर्बंध

गेल्या महिन्यातील अभ्यासवर्ग संपल्यावर राज्यशास्त्र शिकणारी एक मुलगी माझ्यापाशी थांबली. त्या दिवशी आम्ही प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मक्केतील जीवनाचे वाचन करीत शिअब-ए-अबी तालिबच्या प्रसंगापर्यंत आलो होतो. ती म्हणाली, "चाचा, आमच्या पुस्तकात लिहिले आहे की आर्थिक निर्बंध हा युद्धाला असलेला शांततामय पर्याय आहे. कुरैशांनीही तलवार उपसली नव्हती, फक्त व्यवहार बंद केला होता. मग आपण एकाला जुलूम म्हणतो आणि दुसऱ्याला कायदा, ते कशाच्या आधारावर?" मी तिला घाईत सांगितले की तो जुलूम होता कारण कुरैश जालीम होते, आणि कायदा हा कायदा असतो. घरी पोहोचेपर्यंतच त्या उत्तरातील पोकळपणा मला जाणवू लागला होता. कृत्य करणारा कोण आहे एवढ्यावरून कृत्याचे बरेवाईट ठरवायचे, ही तर जाहिलियतच्या काळातील टोळ्यांची रीत झाली. म्हणून हा प्रश्न पुन्हा हाती घेत आहे.

अशा प्रश्नाची चर्चा हवेत करण्यात अर्थ नाही. एखादे खरे उदाहरण समोर हवे. माझ्या पिढीसाठी ते उदाहरण इराकचे आहे.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या सैन्याने कुवैतमध्ये प्रवेश केला. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने या आक्रमणाचा निषेध केला, आणि चारच दिवसांनी, ६ ऑगस्टला, ठराव क्रमांक ६६१ संमत झाला. इराकशी होणारा जवळजवळ सर्व व्यापार त्याने बंद केला. पंधरापैकी तेरा सदस्यांनी बाजूने मत दिले. विरोधात कोणीही नव्हते. क्यूबा आणि येमेन तटस्थ राहिले. इतका व्यापक निर्बंध इतक्या अल्पावधीत लादला जाणे ही जगाच्या इतिहासात असाधारण गोष्ट होती.

यामागे मुत्सद्देगिरीचे केवढे श्रम होते ते पाहण्यासारखे आहे. निर्बंध ही एकट्या राष्ट्राने करण्याजोगी गोष्ट नाही. एका दुकानदाराने माल नाकारला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. बाजारपेठ बंद व्हायची असेल तर प्रत्येक दुकानदाराची संमती लागते. इराकचे तेल मुख्यतः दोन नळवाहिन्यांतून जगात जात असे, एक तुर्कस्तानमधून आणि दुसरी सौदी अरेबियातून. या दोघांनी होकार दिल्याखेरीज न्यूयॉर्कमधील कागदाला काही किंमत नव्हती. म्हणून अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर मॉस्कोला गेले आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री शेवर्डनाड्झे यांच्यासमवेत ३ ऑगस्टलाच संयुक्त निवेदन काढले. नंतर ते अंकाराला गेले. संरक्षणमंत्री डिक चेनी सौदी अरेबियाला गेले. दोन्ही नळवाहिन्या बंद झाल्या. त्यानंतरचे काही महिने या शहरातून त्या शहरात बोलणी सुरूच राहिली. इजिप्तवरील सुमारे सात अब्ज डॉलरचे लष्करी कर्ज माफ झाले. येमेनने नोव्हेंबरमध्ये लष्करी कारवाईला परवानगी देणाऱ्या ठराव क्रमांक ६७८ च्या विरोधात मत दिले, तेव्हा त्या गरीब देशाची अमेरिकी मदत बंद करण्यात आली. सौदी अरेबियाने तर त्याआधीच येमेनी कामगारांच्या विशेष सवलती काढून घेतल्या होत्या, आणि लक्षावधी माणसे आपले बाडबिस्तर बांधून मायदेशी परतली.

म्हणजे ज्याला आपण 'आंतरराष्ट्रीय समुदायाचा निर्णय' म्हणतो, त्यात काही मते पटल्यामुळे पडली होती, काही लाभामुळे आणि काही भयामुळे. हे मी निंदेसाठी सांगत नाही. माणसांचे करार बहुधा असेच जुळतात. पण पुढे उत्तरदायित्वाचा विचार करताना हे लक्षात ठेवावे लागेल.

आता प्रामाणिकपणे पहिला प्रश्न विचारू. असे सर्वांना एकत्र आणणे मुळातच चूक होते काय?

तसे म्हणता येणार नाही. कुवैतवरील आक्रमण हा उघड अन्याय होता. आक्रमक मुस्लिम होता म्हणून तो अन्याय हलका होत नाही. त्या दिवसांत आपल्याकडेही काही सभांतून सद्दाम हुसैन यांची तुलना सलाहुद्दीन अय्यूबींशी झाली. ज्या राज्यकर्त्याने आपल्याच कुर्द प्रजेवर हलब्जा येथे विषारी वायू सोडला होता, त्याला दोनच वर्षांनी आपण कोणाच्या पंगतीत बसवत आहोत याचे भान त्या वक्त्यांना नव्हते. पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये श्रद्धावंतांचे दोन गट आपसांत लढले तर काय करावे याचे स्पष्ट मार्गदर्शन आहे. आधी समेट घडवावा, आणि एक गट अतिरेक करीतच राहिला तर तो अल्लाहच्या आदेशाकडे परतेपर्यंत इतरांनी मिळून त्याच्याशी लढावे. सामूहिक दबावाला इथे केवळ मुभा नाही, तर आज्ञा आहे. आणि १० ऑगस्टला कैरोच्या अरब शिखर परिषदेत बारा सदस्यांनी इराकविरुद्ध सैन्य पाठविण्याच्या बाजूने मत दिले होते, हेही विसरता कामा नये. इराकवरील कोंडीचे सर्व पाप पाश्चात्त्यांच्या पदरात टाकून आपण हात झटकू शकत नाही. दारे बंद करणाऱ्यांत आपले हातही होते.

प्रेषित (स.) यांच्या तारुण्यातील एक घटनाही याच दिशेने बोट दाखविते. येमेनमधील जबीद गावच्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केच्या आस बिन वाइलने घेतला आणि पैसे बुडविले. त्या परक्या माणसाचे तिथे कोणी नव्हते. त्याने अबू कुबैस टेकडीवर चढून आक्रोश केला. तेव्हा काही कुळे अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमली आणि शपथबद्ध झाली की मक्केत कोणावरही अन्याय झाला तर आपण सारे मिळून त्याच्या बाजूने उभे राहू. हाच हिल्फ-उल-फुजूल. मग ते आसकडे गेले आणि त्याच्याकडून त्या व्यापाऱ्याचा हक्क वसूल केला. प्रेषित (स.) त्या बैठकीला हजर होते, आणि प्रेषितत्व मिळाल्यानंतरही ते सांगत की इस्लाममध्येही कोणी त्या कराराच्या नावाने हाक मारली तर ते धावून जातील. करार करणारे बहुतेक मूर्तिपूजक होते आणि ज्याच्यासाठी केला तो परगावचा होता. तरीही त्या कराराचा त्यांना आयुष्यभर अभिमान वाटला.

या प्रसंगात एक बारकावा आहे. दबाव आला तो आसवर. आसच्या घरातल्या मुलांचे पाणी कोणी तोडले नाही.

त्याच मक्केत काही वर्षांनी दुसरा करार झाला. प्रेषितत्वाच्या सातव्या वर्षी कुरैशांच्या कुळांनी ठरविले की बनू हाशिम आणि बनू मुत्तलिब यांच्याशी कोणी सोयरीक करू नये, त्यांना काही विकू नये, त्यांच्याकडून काही घेऊ नये. जोवर ते मुहम्मद (स.) यांना आपल्या हवाली करीत नाहीत, तोवर हे चालावे. करार लिहून काबागृहात टांगण्यात आला. याची बांधणी पाहिली तर ती आधुनिक आहे असेच म्हणावे लागेल. मागणी स्पष्ट होती, सर्व पक्षांची संमती होती, दस्तऐवज पवित्र स्थळी ठेवला होता, आणि तलवार म्यानात होती. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या पुस्तकातील व्याख्येत तो तंतोतंत बसतो.

आणि त्याचा परिणाम काय झाला? सुमारे तीन वर्षे दोन कुळे एका दरीत कोंडली गेली. झाडांची पाने आणि सुके कातडे खाण्याची वेळ आली. भुकेल्या मुलांचे रडणे दरीबाहेर ऐकू येई. या कोंडीत सापडलेले सगळेच श्रद्धावंत नव्हते. स्वतः अबू तालिब आणि कुळातील कितीतरी माणसे आपल्या जुन्या धर्मावर होती, आणि केवळ रक्ताच्या नात्यामुळे उपाशी राहात होती. ह. खदीजा (रजि.) यांचे भाचे हकीम बिन हिजाम एकदा आत्याबाईंसाठी गहू घेऊन निघाले, तर वाटेत अबू जहलने त्यांना अडविले. इतक्यात अबुल बख्तरी तेथे आला. माणूस आपल्या आत्याला धान्य पोहोचवितो आहे, तू मध्ये पडणारा कोण, असा त्याचा सवाल होता. शब्द वाढले आणि अबुल बख्तरीने उंटाच्या जबड्याचे हाड उचलून अबू जहलचे डोके फोडले. अबुल बख्तरी मुसलमान नव्हता, आणि पुढेही झाला नाही.

हिल्फ-उल-फुजूल आणि हा बहिष्कार, दोन्ही एकाच शहराचे, बरेचसे त्याच कुळांचे आणि दोन्ही सामूहिक करार. फरक एवढाच की पहिल्यात ज्याने अन्याय केला त्याला पकडले गेले, आणि दुसऱ्यात एकाला वाकविण्यासाठी त्याच्याभोवतीच्या मुलाबाळांना पकडले गेले. कोणी कोणाच्या कृत्याचे ओझे वाहणार नाही, हे तत्त्व कुरआन वारंवार सांगतो. परलोकातील हिशेबाबद्दल ते आपण सहज मान्य करतो. या जगातील राजकारणात मात्र ते विसरायला फार वेळ लागत नाही.

आता पुन्हा इराककडे येऊ. ठराव ६६१ मध्ये औषधे वगळलेली होती. अन्न मात्र केवळ 'मानवतावादी परिस्थितीत' पाठविता येणार होते. ती परिस्थिती आली आहे की नाही हे ठरविणार सुरक्षा परिषदेची समिती. या तरतुदीची पहिली झळ कोणाला लागली हे कोकणातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. रत्नागिरी-रायगडातील कितीतरी मुस्लिम घरांतील कर्ते पुरुष तेव्हा कुवैतमध्ये अडकले होते. पुढे ऑक्टोबरपर्यंत एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना, बहुतेकांना अम्मानमार्गे, विमानांनी परत आणण्यात आले. पण तोपर्यंत त्यांनी खायचे काय? भारताला तेथे जहाजाने धान्य पाठवायचे होते, आणि त्यासाठीही समितीची मंजुरी लागली. सप्टेंबरात परिषदेने अन्नपुरवठ्याविषयी स्वतंत्र ठराव केला, क्रमांक ६६६, तेव्हा कुठे भारताच्या जहाजाचा मार्ग मोकळा झाला. उपाशी माणसाने आपली भूक आधी एका समितीसमोर सिद्ध करायची, ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून तिथे होती.

फेब्रुवारी १९९१ मध्ये इराकला कुवैतमधून हाकलण्यात आले. ज्या कारणासाठी निर्बंध लावले होते ते कारण संपले. निर्बंध मात्र संपले नाहीत. ३ एप्रिल १९९१ च्या ठराव ६८७ ने ते शस्त्रत्यागाच्या नव्या अटींशी जोडले, आणि काही आठवड्यांतच अमेरिकी नेते जाहीरपणे सांगू लागले की सद्दाम सत्तेवर आहेत तोवर ते उठू देणार नाहीत. शस्त्रतपासणीची मागणी अनाठायी होती असे मला म्हणायचे नाही. इराकने शस्त्रे लपविली होती हे पुढे उघड झालेच. पण अट पाळली तरी दार उघडणार नाही असे ज्याला आधीच सांगून ठेवले आहे, त्याने अट का पाळावी? सूरह हुजुरातमधील आज्ञेला एक मर्यादा आहे. अतिरेकी गट परतेपर्यंतच लढायचे, आणि तो परतला की न्यायाने समेट करायचा. 'परतेपर्यंत' या एका शब्दात शिक्षेची सीमा आखलेली आहे. ती सीमा पुसली की दबावाचा सूड होतो, आणि तो कोणी मोजीत नाही.

युद्धातील बॉम्बवर्षावात वीजकेंद्रे उद्ध्वस्त झाली होती. वीज नाही म्हणून पाणी शुद्ध करता येत नव्हते, सांडपाणी उपसता येत नव्हते. आपल्या अन्नाचा मोठा भाग आयात करणारा तो देश होता. सुटे भाग, पंप, क्लोरिन अशा एकेका वस्तूसाठी अर्ज करावा लागे, आणि समितीतील कोणत्याही एका सदस्याला तो अडवून धरता येई. बैठका बंद दाराआड होत. जुलै २००२ पर्यंत पाच अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल असा अडकून पडला होता. यात कोणी क्रूर हुकूम दिला असे कुठे दिसत नाही. कुणीतरी एका कागदावर 'स्थगित' असे लिहिले आणि दुसरा कागद उचलला. अनेकांच्या संमतीने उभारलेल्या व्यवस्थेत पाप इतक्या हातांत वाटले जाते की कोणाच्याच हाताला ते लागत नाही. अबू जहलला निदान स्वतः रस्त्यात उभे राहून गहू अडवावा लागला होता.

या व्यवस्थेच्या आत राहून काम करणाऱ्यांनाच शेवटी ते असह्य झाले. बगदादमधील राष्ट्रसंघाचे मानवतावादी समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला. सुमारे चौतीस वर्षांची सेवा सोडून ते बाहेर पडले. त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनीही फेब्रुवारी २००० मध्ये तेच केले. एक आयर्लंडचा, दुसरा जर्मनीचा. अबुल बख्तरीची आठवण येते ती यासाठी.

पण न्यायाची मागणी आहे की दुसरी बाजूही मांडावी, आणि ती मांडताना आपल्याला थोडे अवघडल्यासारखे होईल. १९९१ मध्येच सुरक्षा परिषदेने इराकला देखरेखीखाली मर्यादित तेल विकून अन्न-औषध घेण्याचा पर्याय दिला होता. बगदादने तो सार्वभौमत्वाच्या नावाखाली नाकारला. 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेचा ठराव ९८६ एप्रिल १९९५ चा, इराकची मान्यता मे १९९६ ची, आणि पहिले धान्य पोहोचले मार्च १९९७ मध्ये. या वर्षांत सद्दाम यांचे नवे महाल बांधले जात होतेच. प्रजेची उपासमार ही त्या राजवटीसाठी आपत्ती होती तशीच ती जगापुढे धरण्याची एक ढालही होती.

याच ठिकाणी पाच लाख मुलांच्या आकड्याचा विषय येतो. निर्बंधांमुळे इराकमध्ये पाच लाख मुले मेली, हे वाक्य मी स्वतः कितीतरी भाषणांत उच्चारले आहे. मे १९९६ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत मॅडेलीन अल्ब्राइट यांना याच आकड्याबद्दल विचारले गेले, आणि ही किंमत मोजण्याजोगी आहे अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ते उत्तर जगभर गाजले. पुढे आपल्या आत्मचरित्रात त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. परंतु ज्या पाहण्यांवर तो आकडा उभा होता त्या पुढे टिकल्या नाहीत. सद्दाम यांच्या पतनानंतर झालेल्या अनेक पाहण्यांत बालमृत्यूंची तशी प्रचंड वाढ आढळली नाही, आणि २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातील लेखाने दाखविले की १९९९ च्या गाजलेल्या सर्वेक्षणातील माहितीत इराकी सरकारने फेरफार केला होता.

मग आपण काय करावे? स्वतःविरुद्ध जात असली तरी साक्ष खरी द्या, असा सूरह निसामधील आदेश आहे, आणि एखाद्या जमातीच्या वैरामुळे न्याय सोडू नका, असे सूरह माइदा बजावते. आपल्या बाजूचा आकडा आहे म्हणून तो खोटा ठरल्यावरही उच्चारत राहणे या दोन्ही आदेशांच्या विरुद्ध जाते. म्हणून मी तो सोडला. पण आकडा सोडल्याने नैतिक प्रश्न सुटत नाही, उलट तो अधिक स्पष्ट होतो. ज्या सत्ताधाऱ्याला तो आकडा खरा वाटत होता, तरीही ज्याने ती किंमत मान्य केली, त्याच्या विवेकाचे काय? अल्ब्राइट यांनी 'हा आकडा खोटा आहे' असे म्हटले नव्हते. आणि जी राजवट आपल्याच मुलांचे मृत्यू वाढवून सांगते, तिला त्या मुलांविषयी काय वाटत असेल? दोन्हीकडे लहान मूल हे वादातील एक नाणे झाले होते.

यावर कोणी विचारील की मग निर्बंध कधीच लावू नयेत काय? दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण या प्रश्नाला सरळ 'नाही' म्हणू देत नाही. भारताने १९४६ मध्येच, स्वतंत्र होण्याआधीच, त्या देशाशी व्यापार तोडला आणि हा विषय राष्ट्रसंघात नेला. आंतरराष्ट्रीय संमती जमविण्याचे ते काम चार दशकांहून अधिक चालले. १९७७ मध्ये सुरक्षा परिषदेने शस्त्रास्त्रबंदी सक्तीची केली, आणि १९८६ मध्ये अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून आर्थिक निर्बंध घातले. तेव्हाही विरोधक म्हणत की यात गरीब कृष्णवर्णीयच भरडले जातील. पण तेथे एक निर्णायक गोष्ट होती. ज्यांना झळ बसणार होती त्यांचेच नेते, अल्बर्ट लुथुली असोत की डेस्मंड टुटू, जगाला सांगत होते की आमच्यासाठी हे करा. तुरुंगातून सुटल्यावर मंडेलांनीही निर्बंध इतक्यात उठवू नका असे सांगितले, आणि सप्टेंबर १९९३ मध्ये राष्ट्रसंघात उभे राहून त्यांनीच ते उठविण्याचे आवाहन केले. पीडितांनी मागितले तेव्हा निर्बंध आले, आणि पीडितांनी पुरे म्हटले तेव्हा ते गेले. ती आपल्या मर्जीने पत्करलेली झळ होती. इराकी आईला मात्र कोणी विचारले नव्हते, ना बगदादने ना न्यूयॉर्कने.

ज्या प्रसंगामुळे या लेखाला नाव दिले, तो सांगायचा राहिला आहे. यमामा हा मक्केला गहू पुरविणारा प्रदेश होता. तेथील बनू हनीफा कबिल्याचे सरदार सुमामा बिन उसाल पकडले जाऊन मदीनेत आणले गेले, मस्जिदीच्या खांबाला बांधले गेले आणि तिसऱ्या दिवशी काहीही न घेता सोडून देण्यात आले. त्या वागणुकीने ते मुसलमान झाले आणि उमऱ्यासाठी मक्केला गेले. कुरैशांनी त्यांना टोमणे मारले, तेव्हा त्यांनी ठणकावले की यापुढे प्रेषितांच्या परवानगीखेरीज यमामातून गव्हाचा एक दाणाही तुम्हांला मिळणार नाही. इथपर्यंतचा वृत्तांत सहीह बुखारीत आहे. पुढचा भाग सीरतच्या ग्रंथांतून येतो. सुमामांनी खरोखरच धान्य रोखले. मक्केत उपासमार सुरू झाली. शेवटी कुरैशांनी मदीनेला पत्र लिहून नात्यागोत्याची आठवण दिली.

हे कुरैश कोण होते? दरीत मुलांना उपाशी ठेवणारे. बद्र, उहुद आणि खंदकच्या लढायांत चालून आलेले. प्रेषित (स.) यांच्या हाती आता न मागता सापडलेले एक शस्त्र होते. त्यासाठी त्यांना कोणाची मते जमवायची नव्हती, कोणाचे कर्ज माफ करायचे नव्हते. एका निष्ठावंताच्या शब्दाने मक्केचा बाजार बंद झाला होता, आणि परतफेड करण्याइतका जुना हिशेबही होता. त्यांनी सुमामांना लिहून पाठविले की धान्य जाऊ द्या. कुरैशांनी इस्लाम स्वीकारावा, शस्त्रे ठेवावीत, अशी कोणतीही अट त्या पत्रात घातल्याचा उल्लेख सीरतकार करीत नाहीत.

काही मित्र म्हणतात, हा प्रेषितांचा विशेष दयाळूपणा होता, त्यावरून राज्यकारभाराचा नियम काढता येणार नाही. मला हे पटत नाही. शिअबमधील भूक ज्याने स्वतः सोसली होती, त्याने त्या भुकेतून नेमके काय शिकावे याचे दुसरे उत्तरही शक्य होते, आणि मक्केतील प्रत्येकाने तेच अपेक्षिले असते. शत्रूशी युद्ध चालू असताना, सैन्याचा सामना सैन्याने होत असताना, घराघरांतील चूल मात्र त्या युद्धाच्या बाहेर ठेवली गेली. राष्ट्रसंघालाही याच्या जवळपास यायला बराच काळ लागला. डिसेंबर २०२२ मध्ये ठराव २६६४ ने मालमत्ता गोठविण्याच्या सर्व निर्बंधांतून मानवतावादी मदत वगळली. चौदा मते बाजूने पडली. तेव्हा परिषदेचे अध्यक्षपद भारताकडे होते आणि भारत तटस्थ राहिला, कारण दहशतवादी गट या सवलतीचा गैरफायदा घेतील अशी त्याला शंका होती. शंका निराधार नाही. पण सुमामांच्या गव्हातूनही कुरैशांच्या सैनिकांची पोटे भरलीच असणार, आणि हे मदीनेत कोणाला कळत नव्हते असे थोडेच आहे?

शेवटी, शिअबची कोंडी उठली कशी ते सांगतो, कारण आमच्या विद्यार्थिनीला मी ते त्या दिवशी सांगितलेच नव्हते. तीही मुत्सद्देगिरीच होती. हिशाम बिन अम्र नावाचा कुरैशी माणूस रात्री उंटावर धान्य लादून त्याला दरीच्या तोंडाशी हाकून देत असे. एके दिवशी तो जुहैर बिन अबी उमय्याकडे गेला आणि त्याला विचारले की तुझे मामा उपाशी असताना तुला अन्न गोड कसे लागते? जुहैर म्हणाला, मी एकटा काय करणार? हिशामने सांगितले की दुसरा मी आहे. मग तिसरा शोध, असे उत्तर आले. तो मुतइम बिन अदीकडे गेला. तेथेही तेच. मग चौथा अबुल बख्तरी, पाचवा जमआ बिन असवद. रात्री हुजूनपाशी ते पाचजण भेटले. सकाळी जुहैरने काबागृहाची प्रदक्षिणा करून लोकांसमोर विषय काढला, आणि अबू जहलने आक्षेप घेताच बाकीचे चौघे वेगवेगळ्या कोपऱ्यांतून एकामागून एक उठले. हे रात्रीच ठरलेले दिसते, असे अबू जहल म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. मुतइम करार फाडायला पुढे गेला तेव्हा वाळवीने तो आधीच खाल्ला होता, फक्त अल्लाहचे नाव शिल्लक होते.

करार जुळवायला जसे एकेका दारी जावे लागले होते, तसेच तो मोडायलाही जावे लागले. इराकच्या बाबतीत बारा-तेरा वर्षांत पहिल्या कामासाठी जितकी विमाने उडाली, त्याच्या अंशानेही दुसऱ्यासाठी उडाली नाहीत. ठराव १४८३ ने मे २००३ मध्ये ते निर्बंध उठविले तेव्हा बगदाद आधीच दुसऱ्या युद्धात पडले होते. कैरोतील त्या बारा सदस्यांपैकी कोणी मधल्या काळात हिशामसारखा दारोदार फिरला असता, तर मुस्लिम जगाच्या वाट्याला थोडा तरी मान आला असता.

मुतइम बिन अदी इस्लाम न स्वीकारताच बद्रच्या लढाईपूर्वी वारले. बद्रमध्ये कुरैशांचे सत्तर लोक कैद झाले, तेव्हा प्रेषित (स.) म्हणाले होते की आज मुतइम हयात असते आणि त्यांनी या लोकांसाठी शब्द टाकला असता, तर मी त्यांच्याखातर या सर्वांना सोडून दिले असते.